कोर्लईच्या किनाऱ्यावरचा दगड

प्रिय अक्का,

परवा कोर्लईहून परत आलो. तुझ्या भावजयीला सांगून गेलो होतो की पुण्याला भांड्यांचा माल बघायला चाललोय. आलो तेव्हा माल काहीच नव्हता, पँटला काटे होते आणि बुटात वाळू. कमलनं बुटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकला. काय विचारायचं ते तिला कळतं आणि कधी विचारायचं नाही हेही कळतं. हे तिला तूच शिकवलंस.

येत्या सोमवारी तुला जाऊन वर्ष होईल. कार्यक्रमाचं ठरवायला आज संध्याकाळी तुझा लेक बसू येतोय लातूरहून. त्याला मला एक गोष्ट सांगायची आहे. वर्षभर मी ती गिळून बसलोय. पण आधी तुझ्याशी बोलल्याशिवाय त्याच्यासमोर माझं तोंड उघडायचं नाही. म्हणून दुकान आज बंद ठेवलंय आणि आत गादीवर बसून हे लिहितोय. शटर अर्धं खाली आहे. तरी दोन गिऱ्हाइकं वाकून विचारून गेली, कुकरची रिंग आहे का.

तुला पत्र लिहायची ही माझी दुसरी वेळ. पहिलं नांदेडला कॉलेजात असताना लिहिलं होतं, चार ओळींचं. गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवलंय, माझा असल्या गोष्टींवर विश्वास उरलेला नाही, घरी आलो की कटकट करू नकोस. केवढा माज होता मला त्या वयात! तू कटकट केली नाहीस. हदगावहून एसटीनं नांदेडला आलीस, माझ्या खोलीवर बसलीस, शेंगदाण्याची चटणी दिलीस आणि म्हणालीस, 'काढलंस तर काढलंस, पण ते माझ्याकडं दे. इथं खुंटीला टांगून ठेवू नको.' आणि कनवटीला लावून घेऊन गेलीस. पुढं आयुष्यभर एवढंच म्हणायचीस, 'नाव शिवलिंग आन् गळा मोकळा.' तेही चारचौघांत, मला हसवायला.

आता किल्ल्याचं सांगतो.

हदगावच्या शाळेत तू तीसेक वर्षं चौथीच्या पोरांना किल्ले शिकवलेस. भाऊजी लवकर गेले, बसू लहान, तरी दरवर्षी सहल काढायचीस, कधी कंधारला, कधी औशाला. एकदा औशाच्या खंदकाच्या काठावर उभी राहून तू सांगत होतीस की इथं पाणी असायचं, म्हणून शत्रूला आत येता यायचं नाही. एका पोरीनं विचारलं, 'बाई, मग पाणी कुठं गेलं?' तुला उत्तर देता आलं नाही. मला तू ते हसत सांगितलंस, पण तुझ्या मनातून ते गेलं नाही. निवृत्त होऊन आमच्याकडे, लातूरजवळच्या मुरुडला राहायला आलीस, त्यानंतरही दर उन्हाळ्यात घागरी लावून टँकरची वाट बघताना म्हणायचीस, 'बाळू, एकदा पाणी असलेला किल्ला बघायचाय रे मला.'

मी सात वर्षं टाळलं. लग्नसराई आहे, माल यायचाय, कमलचे गुडघे दुखतायत. मग तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन झाल्यावर जाऊ, म्हणजे नीट दिसेल, असं मी म्हणालो, तर तू म्हणालीस, 'आन् न्हाई जमलं ऑपरेशन तर? आता जेवढं दिसतंय तेवढ्यात बघून घेते.' मला लाज वाटली. फेब्रुवारीत निघालो, आपण दोघंच.

अलिबागच्या स्टँडवर गाडीची पाटी वाचून मी तुला सांगितलं, 'मुरुड.' तू किती हसलीस. 'म्हंजे इतकं लांब येऊन पुन्हा आपल्याच गावाला जायाचं का?' कंडक्टरला तू समजावून सांगितलंस की आमचंही मुरुडच, लातूर जिल्ह्यातलं, गुळाचा मोठा बाजार आहे, या एकदा. त्यानं मान हलवली आणि आपल्याला पुढची जागा दिली. त्या गाडीनं आपण रेवदंड्याला उतरलो आणि तिथंच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते माझ्या घाईनं झालं. हे मी आजपर्यंत कुणापाशी कबूल केलेलं नाही.

तुझा नेम मला माहीत नव्हता असं नाही. आंघोळ, मग डाव्या तळहातावर इष्टलिंग, विभूती, बेल असेल तर बेल, नसेल तर नुसतं पाणी. ते झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, चहा नाही, साखरेच्या आजाराची गोळीसुद्धा नाही. त्या सकाळी रिक्षावाला दारात हॉर्न वाजवत होता आणि तू नुकती आंघोळ करून आली होतीस. मी म्हणालो, 'अक्का, पूजा किल्ल्यावर कर. बुरुजावर बसून, समुद्राकडं तोंड करून. अशी पूजा अख्ख्या मुरुडात कुणी केली नसंल.' मी थट्टेत बोललो. तुझा चेहरा मात्र असा फुलला की बास. सगळं सामान पिशवीत भरून तू माझ्याआधी रिक्षात जाऊन बसलीस.

खाडीवरचा पूल ओलांडला, कोर्लई गावातून दीपगृहापर्यंत गेलो आणि तिथून पायऱ्या चढलो. दर दहा पायऱ्यांना तू थांबत होतीस. दम लागलाय म्हणून नाही, बघायला थांबलेय, असं प्रत्येक वेळी बजावत होतीस. वर पोर्तुगीजांचा तो लांबट, अरुंद किल्ला. पडकं चर्च, गवतात लोळणाऱ्या तोफा, दगडात कोरलेली अक्षरं. अक्षरं तुला दिसेनात, म्हणून तू बोटानं चाचपलीस. एका अंगाला उघडा समुद्र, दुसऱ्या अंगाला रेवदंड्याची खाडी, तिच्यात होड्या, पलीकडच्या काठावर माडांची दाटी. तू मधोमध उभी राहून दोन्हीकडे मान वळवत होतीस.

'बाळू, हे सगळं पाणीच का?'

'हाव.'

'आन् पिता येत न्हाई.'

'न्हाई.'

'मंग हे पोर्तुगीज बी आपल्यासारखेच की. पाण्याची वाट बघत बसले असतील.'

मी इतका हसलो की खाली बसलो. अक्का, त्या किल्ल्यावरची ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली फार चांगली पंधरा मिनिटं आहेत. पुढचं सगळं आठवताना ती मी मुद्दाम वेगळी काढून ठेवतो.

मग तू पूजेला बसलीस, बुरुजाच्या काठाशी. वारं होतं. मी म्हणायला हवं होतं की काठावर नको, भिंतीच्या आडोशाला बस. पण मी फोटो काढत होतो. तू गळ्यातली चांदीची डबी उघडलीस, लिंग तळहातावर घेतलंस, विभूती लावायला उजवा हात उचललास आणि वाऱ्यानं पदर तुझ्या तोंडावर आला. तो सावरताना डावा हात कलला. खाली उतारावर करवंदीच्या जाळ्या आणि दगड. पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

तू तळहात तसाच उघडा धरून बसलीस. 'बाळू, देव पडला.'

मी काय बोललो ते आठवतंय ना? 'जाऊ दे, लातूरला नवीन घेऊ.' असं म्हणालो मी. सत्तरीकडे झुकलेल्या बाईला. जिच्या गळ्यात ते जन्मापासून होतं. तू माझ्यावर चिडली नाहीस. नुसती डबी बंद केलीस.

पण पाण्याला तू नाही म्हणालीस. मी बाटली पुढं केली तर मान हलवलीस. 'सापडू दे, मग पिते.' आप्पांनी आपल्याला लहानपणी सांगितलं होतं तेच, लिंग हरवलं तर मिळेपर्यंत पाणी नाही. आप्पांनी सांगितलेल्या शंभर गोष्टी मी विसरलो आणि तू एकही विसरली नाहीस.

तुला धरून खाली आणलं. दीपगृहाच्या अलीकडे एक बाई कोकम सरबत विकत बसली होती, तिच्या ताडपत्रीखाली तुला बसवलं आणि मी उतारावर गेलो. दोन तास शोधलं. करवंदीनं हात सोलून निघाले. एवढासा काळा गोल जीव आणि सगळा डोंगर काळ्या दगडाचा. बारा वाजले. ऊन असं की डोळ्यांपुढं काजवे. वरून बघितलं तर तू ताडपत्रीच्या खांबाला टेकून बसलेली. साखरेची गोळी नाही, खाणं नाही, पाणी नाही. मला भीती वाटली. देवाची नाही वाटली, तुझ्या जिवाची वाटली. तुला इथं काही झालं तर बसूला काय सांगू? आणि मी काय करू?

तेव्हा मी ते केलं. खाली समुद्राच्या काठाला उतरलो आणि गोटे निवडायला लागलो. एक उचलायचा, तळहातावर ठेवून बघायचा, टाकायचा. फार मोठा. फार चपटा. खरखरीत. शेवटी एक मिळाला, काळा, गुळगुळीत, वरून घुमटासारखा, खालून सपाट. एका बाजूला पांढरी रेघ होती तेवढीच. खाऱ्या पाण्यात धुतला, रुमालानं पुसला आणि तुझ्याकडे घेऊन आलो.

'सापडलं, अक्का.'

तू दोन्ही हात पुढं केलेस. 'कुठं होतं?'

'जाळीत.'

'ओलं कसं?'

'धुवून आणलं.'

तू बराच वेळ अंगठा फिरवत राहिलीस. मग तिथंच, ताडपत्रीखाली पूजा केलीस. सरबतवालीनं अबोलीचं फूल दिलं. त्यानंतर दोन ग्लास पाणी प्यायलीस, गोळी घेतलीस आणि मला म्हणालीस, 'तू बी पी. तोंड बघ केवढं झालंय तुझं.'

मला वाटलं, जमलं.

परत आल्यावर रोज सकाळी मी पेपर धरून तुझी पूजा चोरून बघायचो. तू त्या दगडावर विभूती लावायचीस, बेल ठेवायचीस, डोळे मिटायचीस. मे महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि माझी झोप उडाली. आता दिसणार, आता कळणार. आठ दिवस डोळे मिटूनच पूजा केलीस, मग काळा चष्मा लावून तू पूजेला बसलीस. दगड तळहातावर घेतलास. मग चष्मा काढून बाजूला ठेवलास आणि बघत राहिलीस. मी पेपर डोळ्यांपर्यंत वर धरला. तू म्हणालीस, 'किती दिवसांनी नीट दिसून राहिला बघ.' आणि त्या पांढऱ्या रेघेवरच विभूती लावलीस.

त्या दिवशी माझ्या मनात काय आलं ते लिहायलाच हवं, नाहीतर या पत्राला अर्थ नाही. मी मनातल्या मनात हसलो. म्हटलं, बघा, एवढ्या वर्षांची पूजा आणि लिंग कोणतं, गोटा कोणता, हे कळत नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच. मला तुझी कीव आली. अक्का, तुझी कीव आली मला!

आणि मग गेल्या वर्षी तू गेलीस. पहाटे उठलीस, आंघोळ केलीस, पूजा केलीस, चहा घेतलास आणि खुर्चीत टेकलीस ते टेकलीसच. तुला न्यायच्या आधी तुझ्या पूजेच्या पेटीत कमलला माझं लिंग मिळालं, नांदेडहून तू घेऊन गेलेलं. त्यावर विभूती होती, जुनी नाही, ताजी.

आपल्या रीतीप्रमाणे तुला बसवून नेलं. खड्ड्यात उतरवताना बसूनं आत उतरून तुझी पाठ धरली होती. मठाच्या स्वामींनी तुझ्या गळ्यातली डबी उघडली. ते आता थकलेत, हात कापतो. विभूतीनं माखलेला तो दगड त्यांनी काढला आणि न बघता तुझ्या डाव्या तळहातावर ठेवला. वरून बेलाची पानं घातली. तेवढ्यात मी बोलू शकलो असतो. 'थांबा' एवढा एकच शब्द. माझं लिंग पेटीत होतं, स्वामींनी काहीतरी मार्ग काढला असता. पण सगळं गाव उभं होतं, आणि मी उभाच राहिलो. मग माती पडली.

घरी येताना बसू मला म्हणाला, 'मामा, आईनं कधी पूजेशिवाय पाणी घेतलं न्हाई. तिचं लिंग तिच्यासोबत गेलं, तेवढंच समाधान हाय मला.'

त्या वाक्यानं माझं वर्ष खाल्लं. मी मानत नसेन, पण तू मानत होतीस ना? तुझ्या हातात तुझंच असायला हवं होतं, आणि तुझ्या हातात माझी थाप होती. बसू दर सोमवारी समाधीवर फूल ठेवायला येतो आणि मला सोबत बोलावतो. मी दुकानाचं कारण सांगतो. तो म्हणतो, मामा मानत नाहीत म्हणून येत नाहीत. मी म्हणतो, हो, तसंच समज.

म्हणून कोर्लईला गेलो. वर्ष भरायच्या आत तुझं खरं लिंग शोधून आणायचं आणि समाधीपाशी पुरायचं, असं ठरवलं होतं. आता हस, हस खुशाल. दोन पावसाळे होऊन गेलेल्या डोंगरावर सुपारीएवढी वस्तू शोधायला निघालेला माणूस!

सकाळी आठपासून उतारावर होतो. या वेळी सोबत फावडी होती, दुकानातली, लोखंडी. एक फूट एक फूट करत खालून वर गेलो. वर बुरुजावर पर्यटक सेल्फी काढत होते. खालची खाडी तशीच, होड्या तशाच. अकराच्या सुमाराला चक्कर यायला लागली आणि मी सरबताच्या ताडपत्रीखाली जाऊन बसलो. तीच बाई होती, रोझाबाई. तिनं ग्लास पुढं केला आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

'तुम्ही ते दगडवाले ना?' ती म्हणाली.

'दगडवाले?' मी विचारलं.

'दोन वर्षं झाली असतील. आजींना घेऊन आला होतात. आजी पाणीच पीत नव्हत्या. तुम्ही तिथं खाली दगड निवडत होतात.'

अक्का, मी ग्लास खाली ठेवला. मी विचारलं, 'तुम्हांला दिसलं?'

'मला दिसलं म्हणजे? मीच तर सांगत होते त्यांना. डोळ्याला नीट दिसत नाही म्हणाल्या. माझा भाऊ काय करून राहिला तेवढं सांगा, म्हणाल्या. मी सांगत गेले. आता खाली उतरले. आता दगड उचलला. टाकला. दुसरा उचलला. हातावर ठेवून बघतायत. टाकला. आता तिसरा. आजी हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी.'

मी खाली किनाऱ्याकडं बघितलं.

'मी म्हटलं, आजी, त्यांना सांगू का, असं नका करू म्हणून? कुणाच्या देवाशी असला खेळ बरा नाही. तर त्या म्हणाल्या, तुम्ही गप बसा. वीस वर्षांचा असताना त्यानं देव काढून ठेवला. आज पहिल्यांदा देव हुडकून राहिला. उन्हात, उपाशी. त्याला न्हाई कसं म्हणू मी?'

रोझाबाईनं हे जसंच्या तसं सांगितलं, तुझ्या बोलीत. 'हुडकून राहिला' हा शब्द तिच्याकडचा नाही, म्हणून मला पटलं की हे तुझंच आहे. ती म्हणाली, घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तोही हसला. मग तिनं विचारलं, 'आजी कशा आहेत?' मी सांगितलं. तिनं छातीवर क्रूस केला. आमच्यात कसं पुरतात, हातात काय देतात, तेही मी तिला सांगितलं, आणि कोणता दगड दिला तेही. पहिल्यांदा बोललो मी हे कुणाशी तरी. एका परक्या बाईशी, ताडपत्रीखाली, सरबत पीत.

माझा ग्लास विसळत ती म्हणाली, 'मग तुम्ही वर काय शोधताय?'

फावडी तिच्याकडेच ठेवून आलो. माडाच्या आळ्याला उपयोगी पडेल म्हणाली.

अक्का, तुझ्यावर मी रागावलोय. चौदा महिने, रोज सकाळी, माझ्यासमोर तू तो दगड तळहातावर घेतलास आणि एका शब्दानं मला सोडवलं नाहीस. ऑपरेशननंतर चष्मा काढून त्याच्याकडं बघत होतीस तेव्हा मी पेपरामागं मरत होतो, आणि ते तुला दिसत नव्हतं होय? नक्की दिसत होतं. एकदा म्हणायचं होतंस, 'बाळू, मला ठाऊक हाय.' मी रडलो असतो, तुझ्या पाया पडलो असतो, स्वामींकडे जाऊन तुझ्यासाठी रीतसर दुसरं लिंग आणलं असतं. की तेच तुला नको होतं? मी तुझ्यासाठी वेचलेलं तेच हवं होतं?

मी अजूनही मानत नाही. खोटं कशाला सांगू, विशेषतः आता. रोझाबाईचं ऐकून माझ्या गळ्यात लिंग आलेलं नाही. पण तुझी कीव केली होती ना मी, ती परत घेतो. डोळ्यांना दिसत नसताना तू मला पूर्ण बघितलंस, आणि मी चांगल्या डोळ्यांनी चौदा महिने तुझ्यासमोर बसून तुला बघितलंच नाही. फार उशिरा कळलं. नेहमीसारखंच.

आता बसू. तो तुझ्यावर गेलाय, पूजेशिवाय चहा घेत नाही. पण तुझ्यासारखा तोंडाला पदर लावून हसणारा नाही. त्याची समजूत पडेल की तो उठून जाईल, मला सांगता येत नाही. आईला मामानं फसवलं, गावासमोर खोट्या लिंगासकट मातीत घातलं, एवढंच त्याच्या मनात राहिलं तर? एक बहीण गेली, भाचाही जाईल. रात्रंदिवस हाच विचार आहे. कमलला विचारावं वाटलं, पण तीही म्हणेल, तुमचं तुम्ही बघा. आणि बरोबरच म्हणेल.

गप्प बसणंही आता जमत नाही. कारण न सांगितल्यानं मी एकटा वाचतो, आणि त्याला त्याची आई पूर्ण कळत नाही. त्याच्या आईनं शेवटचे चौदा महिने काय केलं, ते जगात फक्त दोघांना माहीत आहे, मला आणि कोर्लईच्या एका सरबतवालीला. ते बसूचं आहे, अक्का. माझ्याकडं ते राहून कसं चालेल?

तोंडी सांगायला गेलो तर मी फिरवून बोलेन, माझी मला खात्री नाही. थट्टा करेन, मध्येच चहा मागवेन, अर्धं गाळीन. म्हणून हे पत्र त्याच्याच हातात देणार आहे. तुझ्यापर्यंत टपाल जात नाही एवढं माझ्यासारख्या नास्तिकालाही कळतं. त्यानं वाचलं म्हणजे तू वाचलंस, असं मी धरून चालतो.

शटरबाहेर गाडी थांबली. तोच असणार, हॉर्न न वाजवता उतरतो तो.

वचन एवढंच देतो. तो वाचत असताना मी जागचा उठणार नाही, गिऱ्हाईक आलं तरी नाही. वाचून तो न बोलता निघून गेला तर त्याला अडवणार नाही. आणि त्यानं वर बघून विचारलं, 'मामा, आईला खरंच ठाऊक होतं?' तर त्याच्या डोळ्यांत बघून, एकाच शब्दात, हो म्हणेन.

तुझा,
बाळू